निंग्याचा गुडघा

हे मी कुणाला सांगितलेलं नाही. बायकोला नाही — ती गेली तेव्हा तिचा हात माझ्या हातात होता, तरी नाही. चामुंडीच्या पायऱ्या इतक्या वेळा चढलो, देवीलाही नाही. तिला ठाऊक असेल तर असो. माझ्या तोंडून तिनं ऐकलेलं नाही.

मी शिकलेला माणूस नव्हे. कन्नड शाळेत तिसरीपर्यंत, तीही छडी खाण्यापुरती. मराठी घरातली. आमचे पूर्वज भाला घेऊन या मैसूर मुलखात आले आणि महाराजांच्या चाकरीत इथंच राहिले. अक्षरं मला आईनं चुलीपुढच्या राखेत बोट धरून शिकवली. आमच्या मराठीत कन्नड मिसळलेलं असतं, ते येणारच. चुका असतील. खपवून घ्या, नाहीतर घेऊ नका. मी हे परत वाचणार नाही.

आता का लिहितो? मागल्या महिन्यात पांडू शिंपी वारला. तेराव्याला जेवायला बसलो होतो. लष्कर मोहल्ल्यातली सगळी जुनी माणसं होती, त्यांची नातवंडं होती. कुणीतरी म्हणालं, "दफेदारमामा, त्या निंग्याची गोष्ट सांगा ना, ह्या पोरांनी ऐकलेली नाही." आणि मी सांगितली. मिशीवर हात ठेवून सांगितली. चाळीस वर्षं जशी सांगतो तशीच — कुठं थांबायचं, कुठं सुस्कारा टाकायचा, सगळं पाठ. पांडूच्या मुलानं डोळे पुसले. म्हणाला, "अप्पा नेहमी म्हणायचे, निंगा राहिला असता तर मला कुणी विचारलंच नसतं."

घरी येताना ही वही विकत आणली.

आधी माझ्या नजरेचं सांगतो. ते सांगितल्याशिवाय पुढचं कळायचं नाही — आणि खरं सांगू? त्याचा मला अजून गर्व आहे. महाराजांच्या घोडदळात मी दफेदार होतो. नवी शिंगरं आली की निवडायला मला बोलवत. माझ्याहून मोठ्या हुद्द्याची माणसं बाजूला उभी राहायची, आणि मी खाली वाकून गुडघे बघायचो. तोंड, आयाळ, रंग — ते विकणारा दाखवतो. मी गुडघे बघायचो. गुडघ्याखालचं हाड किती लांब, किती सरळ. आज हे जनावर कसं पळतं ते कुणालाही दिसतं. तीन वर्षांनी ते कसं पळेल, ते दिसायला नजर लागते. ती मला होती.

आणि आमच्या घरची एक चाचणी होती, आज्यापासून चालत आलेली. पिछाडीचा दोर, म्हणजे घोड्याचे मागचे पाय बांधतात तो, पाण्यात भिजवायचा आणि शिंगराच्या मागच्या गुडघ्याच्या वर एकच फटका, सणसणीत. पळालं तर ते टांग्याचं. थरथरत उभं राहिलं तर ओझ्याचं. कान मागे पाडून वळून अंगावर आलं, तर ते लढाईचं.

करिया अंगावर आला होता. काळा म्हणून करिया. हाडांचा सापळा, पाय एकमेकांत अडकायचे, सगळे हसले. मी दोर मारला. तो वळला आणि माझ्या खांद्याचा लचका घेतला. खूण अजून आहे. मी रक्त दाबून धरून म्हणालो, हाच. तीन वर्षांनी तो कमांडर साहेबांच्या बुडाखाली होता, आणि सहा वर्षं राहिला. तेव्हापासून मैसुरात "दफेदारची नजर" असं म्हणायला लागले. मी ऐकत होतो, आणि ऐकल्यासारखं दाखवत नव्हतो.

घोडदळातून सुटलो तेव्हा एका विद्यार्थी वसतिगृहाच्या मैदानावर जमादार म्हणून लागलो. पोरांना सकाळी कवायत द्यायची, मैदान राखायचं. करियाही म्हातारा झाला होता. त्याला काढून टाकणार होते, मी मागून घेतला. मैदानावरचा रूळ ओढायचा. दुपारी मागच्या शेडमध्ये उभा राहायचा आणि माझ्या खिशात गूळ हुंगायचा.

तिथं शामण्णा मास्तर आले. मद्रासेला शिकून आलेले, कोवळे, चष्मा लावणारे. त्यांनी मैदानाच्या दोन टोकांना दोन खांब रोवले, वर फळ्या, फळ्यांना लोखंडी कडी. बास्केटबॉल. आमच्याकडे कुणी तोवर बघितला नव्हता. त्या काळी दर गोलानंतर चेंडू मधोमध आणून वर फेकत आणि दोन उंच गडी त्याच्यासाठी उडी मारत. म्हणजे ज्याच्या हातात मधला उंच गडी, त्याच्या हातात खेळ. हे मला पहिल्याच दिवशी कळलं. मास्तर उंच पोरं शोधत होते. मी म्हणालो, ते माझ्यावर सोडा.

पांडू आधीच होता. आमच्यातलाच, विठ्ठलभक्त शिंप्यांच्या घरचा, अठरा वर्षांचा, उंच, पण ताडमाड नव्हे. बापाच्या हाताखाली सुई चालवून त्याची बोटं इतकी शहाणी झाली होती की चेंडू त्यांना विचारून हलायचा. मास्तर त्याच्यावर खूश. मी त्याचे गुडघे बघितले. बरे होते. तयार होते. म्हणजे — जे व्हायचं ते होऊन गेलेले. मी म्हणालो, हा आज आहे तेवढाच उद्या.

आणि मग निंगेगौडा आला. पिरियापट्टणकडचा, तंबाखू लावणाऱ्याचा मुलगा, सोळा वर्षांचा. दारातून आत येताना कपाळ चौकटीला आपटलं, तर चौकटीवर हात फिरवला, जणू तिला लागलं. मी उभा राहिलो. एवढा उंच मनुष्य मी राजवाड्याच्या पहाऱ्यावरसुद्धा बघितला नव्हता, आणि त्याची वाढ अजून संपलेली नव्हती. मनगटं बघा, घोटे बघा, सगळी हाडं अजून पुढं जायला निघालेली. स्वयंपाकी म्हणायचा, "ह्याला मुद्दे वाढायचे म्हणजे भिंतीला चुना द्यायचा. कितीही द्या, पुढची भिंत आहेच." मुद्दे म्हणजे रागीचे, नाचणीचे उकडलेले गोळे; असे चार बसल्या बैठकीला. खेळ मात्र — शून्य. चेंडू टाकला तर छातीवर घ्यायचा. पळताना स्वतःच्याच पायात पाय.

मला करिया आठवला. आठवणारच.

मास्तर कन्नडातल्या मानाच्या हाकेनं म्हणाले, "दफेदार्रे, पोरगा चांगला आहे, पण पांडू आज खेळतोय."

"आज कोण मागतो?" मी म्हणालो. "मला एक वर्ष द्या. पुढच्या दसऱ्याच्या सामन्यात हा मध्ये उभा राहील, आणि बेंगळूरची पोरं हात खाली टाकतील. नाही झालं तर मिशी उतरवीन. चौकात बसून उतरवीन."

हे मी मास्तरांना एकट्याला म्हणालो असतो तर गोष्ट निराळी. मी ते न्हाव्याच्या दुकानापुढं म्हणालो, दहा माणसांत. न्हाव्यानं वस्तरा कपाळाला लावून नमस्कार केला. सगळे हसले. मिशी म्हणजे तुम्हा आताच्या लोकांना केस. आमच्यात मिशी उतरवतात ती बाप मेल्यावर. मी ती बोलून बसलो.

मग ते वर्ष.

त्या वर्षाबद्दल मी लोकांना काय सांगतो? मेहनत घेतली म्हणून सांगतो. पहाटे उठवलं, दूध पाजलं, दोरीवरून उड्या मारायला लावल्या. खोटं नाही. पण मी त्याला मारलं. रोज मारलं. पहिल्या आठवड्यात चाचणी म्हणून, ओला दोर, गुडघ्याच्या वर, मागून. तो पळाला नाही, थरथरला नाही, वळूनही आला नाही. मागं बघून म्हणाला, "तप्पायतु, दफेदार्रे." चुकलं म्हणाला. काय चुकलं ते त्याला ठाऊक नव्हतं. मलाही नव्हतं.

असं जनावर मी बघितलं नव्हतं. चौथा प्रकार आमच्या आज्यानं सांगितलेला नव्हता.

मला वाटलं, आत आहे, बाहेर येत नाही. काढायचं. म्हणून पोरांना सांगितलं — हा उडी मारतो तेव्हा कोपरं घाला. बरगडीत घाला. पोरंच ती, त्यांना काय, घातली. एकदा त्याचा ओठ फाटून दात दिसला. चेंडूवर रक्त लागलं म्हणून त्यानं तो आधी सदऱ्याला पुसला आणि मग पांडूकडे टाकला. मी त्या दिवशी त्याला कानफटात मारली. "पुसतोस काय? मार ना त्याला! माणूस हाईस की मुद्दा?" तो म्हणाला, तप्पायतु. पाठीवर वळ उठलेले असायचे. स्वयंपाकी कढत तेल चोळायचा आणि माझ्याकडे बघायचा नाही. बाप एकदा पिरियापट्टणहून आला, तंबाखूची जुडी माझ्या पायाशी ठेवली आणि मुलाला म्हणाला, "मगा, हेच तुझे अप्पा." लेका, हाच तुझा बाप म्हणाला. बापानं असं म्हटल्यावर तो पोरगा मला काय बोलणार होता?

एक गोष्ट मी गोष्टीत कधी सांगत नाही. मास्तरांनी सांगितलेली. उन्हाळ्याआधी एकदा ते माझ्याशेजारी उभे राहिले आणि म्हणाले, "दफेदार्रे, निंग्याचे हात बघितलेत? त्याच्याकडे चेंडू आला की तो बघतसुद्धा नाही, आणि चेंडू बरोबर मोकळ्या गड्याकडे जातो. त्याला मध्ये उडीला नको. त्याला मागं ठेवू. तो खेळवेल." मी थुंकलो. मी गुडघे बघून निवडलेलं जनावर, आणि हे हातांचं सांगतात! देणारा गडी मला नकोच होता. मला हिसकावणारा पाहिजे होता. मी बोललो होतो तो हिसकावणारा.

दसरा आला.

सामन्याच्या आदल्या दिवशी सकाळी शेवटचा सराव. मोहल्ला बघायला आलेला. मास्तर माझा मान राखायला म्हणाले, उद्या सुरुवातीला निंगाच मध्ये उभा राहील, तुमच्या शब्दासाठी. सरावात त्याच्यासमोर पांडूला उभं केलं. चेंडू वर गेला की पांडू त्याच्या खांद्यापर्यंत जेमतेम यायचा, आणि दर वेळी चेंडू पांडूचा. दर वेळी. निंगा उडायचाच उशिरा. समोरच्याला धक्का लागेल म्हणून अंग चोरायचा. त्याच्या चुकीवर माणसं आधी गप्प होती, मग हसायला लागली. न्हावी पुढं आला.

"दफेदार, वस्तऱ्याला धार लावून ठेवलीय. साबण तुमचा का माझा?"

माझ्या कानात आग गेली. मी हसलो. लोकांसमोर हसलो.

दुपारी पोरं जेवून पडली होती. मी निंग्याला मागच्या शेडमध्ये बोलावलं. करिया तिथं उभा होता. भिंतीवर खुंट्या, खुंट्यांवर खोगीर, लगाम, दोर, रिकिबी. दोर मी सकाळपासूनच बादलीत टाकून ठेवला होता — हे लिहायला पाहिजे. सकाळपासून.

पहिला फटका. तप्पायतु. दुसरा. तप्पायतु. मी मोजत नव्हतो. मी शिव्या देत होतो, कन्नडातल्या, मराठीतल्या, पागेतल्या. त्याच्या पोटऱ्यांवरून पाणी आणि रक्त एकत्र ओघळत होतं. वळ रे, म्हणत होतो. एकदा तरी वळ!

आणि तो वळला.

दोर त्यानं हवेत पकडला. माझ्या हातातून असा काढून घेतला, जसा लहान मुलाच्या हातातून विळा काढून घेतात. मग माझ्या काखांत दोन हात घातले आणि मला उचललं. माझे पाय जमिनीवरून सुटले. त्याचे डोळे माझ्या डोळ्यांसमोर. तुम्हाला खोटं वाटेल — त्या क्षणी मला आनंद झाला. वळून आला! माझी नजर खरी! आता हा मला भिंतीवर फेकेल, आणि उद्या बेंगळूरच्या पोरांना फेकेल!

त्यानं मला खाली ठेवलं. हळू ठेवलं, माझे दोन्ही पाय नीट टेकले की नाही ते बघून. मग दोराची गुंडाळी केली, मी शिकवली होती तशी, आणि खुंटीला अडकवली.

"दफेदार्रे," तो म्हणाला, "मला उडी येत नाही. पांडूला चेंडू देता येतो. अष्टे." एवढंच येतं म्हणाला. आणि माझ्याकडे पाठ करून करियाच्या मानेवरून हात फिरवायला लागला.

मी रिकीब काढली. खोगिराखाली पाय अडकवायची, लोखंडी, घोडदळातली जड रिकीब, तिच्या चामडी वादीसकट. वादी हाताला गुंडाळली आणि फिरवली.

गुडघ्यावर बसली. बाहेरच्या अंगाला. तो करियाच्या पोटाखाली पडला. करियानं काय केलं ठाऊक आहे? पुढचा पाय त्याच्या छातीवर पडणार होता, तो त्यानं वर उचलून धरला. तसाच धरून ठेवला, आणि मग बाजूला टेकला. म्हातारं जनावर, पाय कापत होता त्याचा.

मी इथं लिहिणार होतो की राग आला म्हणून मारलं. इतकी वर्षं मी स्वतःला तेच सांगत आलो. राग आला, हात सुटला. पण राग कुठं मारतो? तोंडावर मारतो, डोक्यावर मारतो, हात जाईल तिथं मारतो. राग गुडघा निवडतो का? पंचवीस वर्षं मी गुडघेच बघितले. कुठं बसलं म्हणजे जनावर महिन्यानं चालेल आणि कुठं बसलं म्हणजे कधीच पळणार नाही, हे मैसुरात माझ्याइतकं कुणाला ठाऊक होतं?

आणि एकदा नाही. दोनदा.

पहिल्या फटक्यानं तो पडला होता, पण हाड मोडलं नव्हतं. त्यानं शेडच्या खांबाला धरलं आणि उठायला लागला. उठला असता. लंगडत का होईना, उद्या मैदानात उभा राहिला असता, माझ्या शब्दासाठी उभा राहिला असता — आणि साऱ्या मैसूरनं त्याला बघितलं असतं. मला हे सगळं दिसलं. स्वच्छ दिसलं. मी थांबलो, वादी पुन्हा हाताला नीट गुंडाळली, त्याचा पाय सरळ होईपर्यंत वाट बघितली, आणि दुसरा मारला. त्याचा आवाज ओल्या फांदीचा नव्हता, वाळल्या फांदीचा होता.

म्हणजे कळलं का तुम्हाला? तो आता कधी खेळणार नव्हता. आणि कधी खेळणार नव्हता म्हणजे कधी वाईट खेळणार नव्हता. माझी नजर खोटी ठरायला त्याचा गुडघा लागत होता. मी तो मोडला.

रिकीब खुंटीला लावली. बाहेर धावलो आणि ओरडलो, "घोडा! घोड्यानं लाथ मारली!" कुणी विचारायच्या आधी ओरडलो. मास्तर आले, स्वयंपाकी आला, पोरं आली. मास्तर खाली बसले. "निंगा, काय झालं?" त्यानं माझ्याकडे बघितलं. तोंड पांढरं पडलं होतं, खालचा ओठ दातांत होता. "हौदु," तो म्हणाला, होय म्हणाला. "करियानं."

का म्हणाला? बापानं मला त्याचा अप्पा केलं म्हणून? मला भिऊन? का मला सांभाळायला, मघाशी खाली ठेवलं तसं? मी विचारलं नाही.

पोराला अधू करणारा घोडा मैदानावर ठेवता येणार नाही, असं वसतिगृहाच्या मोठ्या साहेबांनी सांगितलं. बरोबरच होतं. म्हणाले, दफेदार, तुमचा घोडा, तुम्हीच करा. ऊन उतरायच्या आत केलं. शेडच्या मागं नेला. बंदूक बघून तो बिचकला नाही, आयुष्यभर बंदुकांतच राहिलेला. माझ्या खिशाला नाक लावलं. गूळ होता. दिला. तो चावत असताना कपाळावर नळी टेकली.

येलवालचा हाडवैद्य तेव्हा आत निंग्याचा पाय ओढून सरळ करत होता. इतका वेळ त्या पोरानं हूं केलं नव्हतं. गोळीचा आवाज झाला आणि तो किंचाळला. हाडवैद्य त्याला म्हणाला, झालं मगा, झालं, बसलं हाड. पोरांना वाटलं, पायासाठी रडतोय.

दुसऱ्या दिवशी मध्ये पांडू उभा राहिला. तसा खेळ मी आजवर बघितलेला नाही. बेंगळूरचे दोघेजण त्याला धरायला ठेवले होते, तो त्यांच्यामधून असा जात होता, जशी सुई कापडातून जाते. आम्ही जिंकलो. लोकांनी त्याला खांद्यावर घेतला. तो खाली उतरून आधी माझ्याकडे आला, पाया पडला, आणि रडत म्हणाला, "मामा, आज निंगा पाहिजे होता. मी कसला? तो असता तर बघितलं असतं ह्यांनी." मी त्याच्या डोक्यावर हात ठेवला. म्हणालो, "हो रे. तो असता तर."

त्या शब्दांवर मी पुढं जगलो. तो असता तर. न्हाव्यानं वस्तरा ठेवून दिला. दैवापुढं कुणाचं चालतं म्हणाला आणि माझी मिशी फुकटात कोरून दिली. दर वर्षी निंगा थोडा मोठा होत गेला. उडी मारून कड्याच्या वर हात न्यायचा, म्हणायचो. पांडूला सरावात तीनदा पाडला होता, म्हणायचो. पांडू ऐकत असायचा आणि मान हलवायचा. मैसूरला त्याच्यासारखा गडी झाला नाही, आणि त्याला मी जन्मभर दुसरा ठेवला. मागल्या महिन्यात तो दुसराच मेला.

निंगा ताठ पाय घेऊन बैलगाडीतून गावी गेला. मी निरोपाला गेलो नाही, मैदानावर काम आहे म्हणालो. नंतर त्याला एकदाच बघितलं. बऱ्याच वर्षांनी, संस्थान गेल्यावर. नात्यातल्या एका लग्नाला निघालो होतो आणि बस पिरियापट्टणला तंबाखूच्या वखारीसमोर थांबली. मी पाणी प्यायला खाली उतरलो. एक उंच माणूस, एक पाय काठीसारखा, जमिनीवर उभा राहून वर गाडीवरच्या माणसाकडे तंबाखूच्या जुड्या टाकत होता. वर बघत नव्हता. शेजारच्याशी गप्पा मारत होता, आणि जुड्या एकामागून एक त्या वरच्या माणसाच्या हातात, बरोबर हातात. वरच्यालाही बघावं लागत नव्हतं. किती वेळ मी उभा होतो कुणास ठाऊक. मास्तरांनी सांगितले होते ते हात मी तेव्हा पहिल्यांदा बघितले.

परत बसमध्ये चढायला हवं होतं. त्यानं मला ओळखलं. काठी टेकत आला, काठी बगलेत धरून सलाम केला, मी शिकवलेला, टाचा जुळेनात तरी. बरोबर त्याचा मुलगा होता, आठ-नऊ वर्षांचा, माझ्या मिशीकडे तोंड उघडं टाकून बघत होता.

"मगा, हे दफेदार," तो मुलाला म्हणाला. "अप्पाला घोड्यानं लाथ मारली म्हणून सांगतो ना तुला? तेव्हा ह्यांनीच मला उचलून नेलं."

आणि माझ्याकडे बघितलं. शेडमध्ये बघितलं होतं तसंच. आजूबाजूला ओळखीचं कुणी नव्हतं. न्हावी नव्हता, मोहल्ला नव्हता. मुलाला एक शब्द ऐकवायचा होता. तप्पायतु — त्याच्या बापाच्या तोंडून शेकडो वेळा ऐकून मला तो पाठ होता.

मी म्हणालो, "हो. मोठा द्वाड घोडा होता."

मुलगा हसला. बसनं भोंगा दिला आणि मी चढलो.

लिहून झालं. मिशी अजून आहे, पांढरी. आणखी एवढंच. करिया चावला होता, तोही एकदाच, आणि मलाच. लाथ त्यानं कधी कुणाला मारली नाही.